निळ्या कागदावरचा समुद्र

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

एका सोमवारची आठवण सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत मी तेव्हा विज्ञान शिकवत होतो. आदल्या शनिवारी अमावास्या होती. अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाणी खूप आत जाते आणि एरवी कधी न दिसणारे खडप उघडे पडते. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर सातवीच्या मुलांना घेऊन मी खडपावर गेलो. शाळेत विज्ञान प्रदर्शन भरणार होते. ‘जिवंत समुद्र’ असा फलकही चित्रकलेच्या सरांनी रंगवून ठेवला होता. मुलांनी शंखातले खेकडे पकडले, एक तारामासा सापडला, दोन समुद्रफुले आम्ही पेचकसाने खडकावरून खरवडून काढली. खरवडून काढायची कल्पना माझीच. सगळे एका मोठ्या टबात समुद्राच्या पाण्यात ठेवले, प्रयोगशाळेला कुलूप लावले आणि घरी गेलो.

सोमवारी कुलूप काढायच्या आधीच व्हरांड्यात वास आला. टबातले एकूण एक प्राणी मेले होते. पाण्यावर दुधासारखी साय धरली होती. मुले टबाभोवती उभी राहिली. त्यांतल्या एकाने अगदी हळू विचारले, “सर, आपण मारलं का त्यांना?” मी म्हणालो, “पाणी खराब झालं.” उत्तर खोटे नव्हते, पण प्रश्नाचे नव्हते. ते उत्तर मला पुढे कित्येक वर्षे टोचत राहिले.

नंतर या विषयावरचे जुने साहित्य वाचायला लागलो, तेव्हा कळले की माझ्यासारखीच चूक दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या हजारो सुशिक्षित, सज्जन माणसांनी केली होती; तीही मुलांना समुद्राची गोडी लागावी याच सद्हेतूने. आज सांगायची आहे ती हीच हकीकत. मुलांना समुद्र शिकवायचा कसा, चित्रातून की शास्त्रातून, हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. पण तो चांगला जुना आहे आणि त्याची किंमत समुद्राने मोजलेली आहे.

समुद्रातले प्राणी घरात जिवंत ठेवणे ही गोष्ट 1840च्या आधी जवळजवळ अशक्य होती. 1846 साली ॲना थाइन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की गावाहून काही दगडी प्रवाळ लंडनला आणले. लंडनला समुद्र कुठला? म्हणून त्यांनी खारे पाणीही बरोबर नेले आणि ते ताजे राहावे म्हणून एक श्रमाची युक्ती काढली. उघड्या खिडकीसमोर उभे राहून त्या पाण्याची धार एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन:पुन्हा ओतायची. आपण गरम चहा निववायला बशीत ओततो ना, तसेच. त्यामुळे पाण्यात हवा मिसळे आणि प्रवाळ जगत. हे ओतण्याचे काम बहुधा मोलकरणीच्या वाट्याला येई. विज्ञानाच्या इतिहासात तिचे नाव नाही, पण माझ्या मते त्या प्रवाळांना जगवले ते तिच्याच मनगटांनी. माझ्या टबाला ना खिडकी होती ना मोलकरीण.

पुढे 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ घातला तर पाणी बदलावेच लागत नाही. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात आणि सडलेली पाने गोगलगायी फस्त करतात. आज पाचवी-सहावीच्या पुस्तकात असणारे हे चक्र तेव्हा नवलाचे होते. काच त्याच सुमाराला स्वस्त झाली होती, कारण इंग्लंडातला काचेवरचा कर 1845 साली उठला होता. रेल्वेनेही समुद्र शहराजवळ आणून ठेवला होता. म्हणजे दारू, वात, काडी सगळे तयार होते.

काडी ओढली ती फिलिप हेन्री गॉस यांनी. गॉस हे विलक्षण गृहस्थ. निसर्गशास्त्रज्ञ, उत्तम चित्रकार आणि अत्यंत कर्मठ धार्मिक. प्रकृतीसाठी ते डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले आणि ओहोटीच्या डबक्यांत रमले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यातही त्यांचा हात होता. 1854 मध्ये त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले. त्यातली रंगीत चित्रे बघून लोक वेडे झाले. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी गेला तो याच पुस्तकामुळे. खडकावरून समुद्रफूल न दुखवता कसे काढावे, हातोडा-छिन्नी कशी चालवावी, हे त्यांनी बारकाईने सांगितले. आणि मग सुट्टीच्या दिवसांत आई-बाप, मुले, दाया, बादल्या आणि छिन्न्या यांची रीघ किनाऱ्याला लागली.

या वेडाचे पुढे काय झाले, ते गॉस यांच्या मुलाने लिहून ठेवले आहे. एडमंड गॉस हा त्यांचा एकुलता एक मुलगा. 1907 साली त्याने ‘फादर अँड सन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. लहानपणी बापाचे बोट धरून पाहिलेली ती डबकी, त्यांतली फुललेली समुद्रफुले, ते अस्पर्श वैभव, सारे संग्राहकांच्या फौजेने ओरबाडून नेले, असे तो सांगतो. आपल्याच पुस्तकांनी हे घडवले, याची बोचणी बापाला लागली, हेही तो सांगतो. गॉस यांनी लोकांना समुद्र दाखवला तो त्यावर माया जडावी म्हणून. माया जडली, आणि मायेपोटी लोकांनी तो बादलीत भरून घरी नेला. तिथे तो माझ्या टबासारखा दोन दिवसांत सडला असणार.

त्याच पुस्तकात एक प्रसंग आहे. शिक्षक या नात्याने तो मला फार आवडतो. बाप समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ लिहीत होता, रंगीत चित्रे काढत होता. छोटा एडमंड शेजारी बसून आपलेही ग्रंथ तयार करू लागला. तसेच कागद, तशीच मांडणी, तसेच तपशीलवार वर्णन आणि हाताने रंगवलेली चित्रे. गंमत अशी की प्राणी मात्र त्याने मनाने बनवलेले. याचे ठिपके त्याला, त्याची शिंगे याला. बाप चक्रावून गेला. मुलगा इतका गंभीर आणि निरागस नसता, तर त्याला ही आपली थट्टाच वाटली असती. आता यात मुलगा चुकला की बाप? माझ्या वर्गातही अशी मुले होती. तारामाशाला सात पाय काढणारी. पूर्वी मी त्यावर लाल फुली मारत असे. पुढे मी विचारायला लागलो, “कुठे पाहिलास रे?” मुलगा सांगे, “पाहिला नाही, पण असेल.” मग आम्ही शोधायला जात असू. आणि पाचांहून अधिक भुजा असलेले तारामासे जगात खरोखरच आहेत!

त्या काळात मुलांसाठी लिहिणाऱ्यांनीही समुद्र मनावर घेतला होता. मार्गारेट गॅटी या बालसाहित्यकार बाईंनी 1863 साली समुद्री शैवालांवर जाडजूड सचित्र ग्रंथ काढला. त्यात किनाऱ्यावर जाणाऱ्या बायकांना त्यांनी बजावले आहे की घोट्याखाली येणारा घागरा घालू नका, मुलगे शिकारीला घालतात तसले बूट घाला आणि दिसण्याची फिकीर सोडा. त्या काळच्या मानाने हे बंडच म्हणायचे. त्याच वर्षी चार्ल्स किंग्जली यांचे ‘द वॉटर-बेबीज’ पुस्तकरूपाने आले. धुराडी साफ करणारा टॉम नावाचा गरीब पोरगा नदीत पडतो आणि पाण्यातले बाळ होऊन समुद्रापर्यंत जातो, अशी ती परीकथा. या गोष्टीत किंग्जली मधेच एक चिमटा काढतात. ओहोटीची डबकी इतकी स्वच्छ आणि सुंदर का असतात, तर प्रत्येक वादळानंतर ही जलबाळे येऊन ती झाडून-पुसून ठेवतात म्हणून. पण जिथे माणसे आपला मैला शेताला खत म्हणून न घालता समुद्रात सोडतात, तिथे ही बाळे फिरकत नाहीत. हे लिहिण्याआधी पाचच वर्षे, 1858च्या उन्हाळ्यात, टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनच्या पार्लमेंटला बसणे मुश्कील केले होते. मुलांच्या गोष्टीत गटार आणणारा हा लेखक मला त्यासाठी मोठा वाटतो. त्याच्या गोष्टीतला उपदेशाचा भाग मात्र आज वाचवत नाही, हेही कबूल करतो.

प्राणी न मारता शिकवायचा कसा, याचे एक उत्तर जर्मनीतल्या काचकामगारांनी दिले. लिओपोल्ड ब्लाश्का हा बोहेमियातला वंशपरंपरेने काचकाम करणारा कारागीर. 1853 साली तो अमेरिकेला निघाला असता वारा पडल्यामुळे अझोर्स बेटांजवळ त्याचे जहाज दोन आठवडे जागीच थांबले. रात्री पाण्यात चमकणारे जेलीफिश बघत तो डेकवर बसून राही. जिवंत काचच ती! दहा वर्षांनी, म्हणजे पुन्हा 1863 साली, ड्रेस्डेनच्या निसर्गसंग्रहालयासाठी त्याने काचेची समुद्रफुले बनवली. नमुना म्हणून वापरली गॉस यांचीच चित्रे. त्याला मागणी आली, कारण अशा मऊ प्राण्यांना मद्यार्काच्या बाटलीत ठेवले की रंग उडतो, आकार जातो आणि उरतो एक पांढुरका गोळा. विद्यार्थ्यांनी त्यावरून काय शिकायचे? पुढे लिओपोल्ड आणि त्याचा मुलगा रुडॉल्फ यांनी 1890पर्यंत अशी हजारो काचेची समुद्रजीव-शिल्पे घडवली आणि ती जगभरच्या विद्यापीठांत गेली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने 1885 साली पावणेसहाशेच्या आसपास घेतली. याच संग्रहाची आमच्या काळातली राखणदार ड्रू हार्वेल. समुद्रशास्त्रज्ञ असलेल्या या बाईंना प्रश्न पडला की काचेत आहेत ते प्राणी आज समुद्रात आहेत का? त्यांनी पाण्यात उतरून एकेकाचा शोध घेतला आणि 2016 साली त्यावर पुस्तक लिहिले. शिकवण्यासाठी केलेली काचेची खेळणी दीडशे वर्षांनी हजेरीपट होऊन बसली.

ब्लाश्कांची काच आमच्या शाळेला कुठून परवडणार? आम्हाला परवडले ते त्याच्याही आधीचे एका बाईचे काम.

ॲना ॲटकिन्स यांचा जन्म 1799 सालचा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला. आई लहानपणीच गेली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन शास्त्रज्ञ होते, ब्रिटिश म्युझियममध्ये होते. त्यांनी मुलीला त्या काळात मुलींना क्वचितच मिळणारे शास्त्राचे शिक्षण दिले. वडिलांनी लामार्कच्या शंख-शिंपल्यांवरील ग्रंथाचे भाषांतर केले, तेव्हा त्यासाठी अडीचशेच्या वर शंखांची चित्रे काढली ती या मुलीने. म्हणजे हात तयार होता. पण शैवालाने हाताला हार खायला लावली. केसाहून बारीक फांद्या किती म्हणून काढणार? त्यातच 1842 साली त्यांच्या घरोब्यातले सर जॉन हर्शेल यांनी एक नवी छपाई शोधून काढली. लोहाचे दोन क्षार पाण्यात मिसळून कागदाला लावायचे, अंधारात वाळवायचे, त्यावर वस्तू ठेवून उन्हात धरायचे आणि मग साध्या पाण्याने धुवायचे. ऊन लागलेला भाग गडद निळा होतो, वस्तूची सावली पांढरी राहते. सायनोटाइप म्हणतात ती हीच पद्धत. जुन्या काळी बांधकाम खात्यातले नकाशे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे असत, ती ब्ल्यूप्रिंट हिचीच धाकटी बहीण. आता आपण ‘विकासाची ब्ल्यूप्रिंट’ म्हणतो, त्यात ऊनही नसते आणि पाणीही नसते.

ॲना बाईंनी 1843 साली आपल्या ग्रंथाचा पहिला भाग काढला. ब्रिटनमधल्या शैवालांचे ठसे, एकेक पान स्वतः उन्हात धरून, स्वतः धुऊन. खालचे लॅटिन नावही हाताने लिहून त्याचाही असाच ठसा घेतलेला. छायाचित्रांनी सजवलेले जगातले पहिले पुस्तक म्हणून आज त्याचा मान आहे. काम दहा वर्षे चालले आणि शेवटी सुमारे चारशे पाने झाली. नाव त्यांनी कुठे मिरवले नाही. प्रस्तावनेखाली फक्त ‘ए. ए.’ अशी आद्याक्षरे. पुढे एका संग्राहकाने त्याचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला होता! आज या ग्रंथाच्या वीसही प्रती उरलेल्या ज्ञात नाहीत. हे पुस्तक मुलांसाठी नव्हते, ते मित्रांना आणि शास्त्रज्ञांना भेट देण्यासाठी होते. तरी मी ते पहिल्यांदा चित्रांतून पाहिले तेव्हा मला वाटले, हे सातवीला जमेल.

जमवताना थोडी धावपळ झाली. एका क्षाराचे नाव पोटॅशियम फेरिसायनाइड. मागणीपत्रावर ‘सायनाइड’ वाचून मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावले आणि दार लावून घेतले. त्यातले सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते, आम्लापासून लांब ठेवायचे आणि ते माझ्याच कपाटात राहील, हे पटवायला अर्धा तास गेला. मिश्रण मीच करायचे, मुलांनी हात लावायचा नाही, या अटीवर परवानगी मिळाली. खडपावरून काही उपटायचे नाही, ही अट माझी. भरतीने वाळूवर आणून टाकलेले तेवढेच उचलायचे. पावसाळा संपता संपता आमच्या किनाऱ्यावर सरगॅससच्या जातीचे, द्राक्षाच्या घडासारखे फुगे असलेले शैवाल येते. हिरवे पातळ पालेभाजीसारखे अल्व्हा, पंख्यासारखे पडायना, असे कितीतरी. ते ताटातल्या पाण्यात तरंगवायचे, खालून कागद सरकवून अलगद उचलायचे, दाबून वाळवायचे. दुपारच्या उन्हात दहा-बारा मिनिटे. मग घमेल्यात धुताना पिवळट पाणी निघून जाते आणि निळा रंग वर येतो. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, ती मी व्याख्यानाने कधी मिळवू शकलो नाही.

धुण्यावरूनच पुढचा धडा निघाला. एप्रिल महिना होता, गावात एक दिवसाआड पाणी. मी म्हणालो, सगळे ठसे मिळून दोनच घमेल्यांत धुवायचे, पहिले धुणे पहिल्यात, शेवटचे दुसऱ्यात. तेव्हा एका मुलाने समोरच्या खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडे हात केला. “सर, एवढं पाणी आहे की!” मुलाचे काय चुकले? पृथ्वीवरच्या पाण्यातले सुमारे 97 टक्के असे समोर दिसते आणि पिता येत नाही. उरलेल्यातले बरेचसे बर्फात. आमच्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चैत्रात बायका हंडा घेऊन निघतात. कारण उतार तीव्र, खाली जांभा, सच्छिद्र दगड. आभाळातले पाणी चार दिवसांत पऱ्ह्यातून समुद्राला मिळते. त्या वर्षी मुलांनी समुद्राऐवजी गावाचा नकाशा निळ्या कागदावर केला. घरे, विहिरी, पऱ्हे. पारदर्शक कागदावर काळ्या शाईने रेघ काढायची आणि ती उन्हात छापायची, अगदी बांधकाम खात्यासारखी. कुठली विहीर कधी आटते, ते मुलांनी आजीला विचारून महिन्यांसह लिहिले. त्या नकाशाने पाणी वाढले नाही. पण ग्रामपंचायतीत तो काही वर्षे भिंतीवर होता आणि पऱ्ह्यावर दगड-मातीचे कच्चे बंधारे घालायच्या वेळी लोक त्याच्यासमोर उभे राहून वाद घालत, हे मी पाहिलेले आहे.

मी स्वतः लहानपणी मुंबईला मामाकडे गेलो की तारापोरवाला मत्स्यालयात जायचा हट्ट धरत असे. चर्नी रोडला समुद्रासमोर ते 1951 साली उघडले. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी समुद्राचे प्राणी पहिल्यांदा पाहिले ते तिथेच. रस्त्यापलीकडे खरा समुद्र, आणि आम्ही त्याच्याकडे पाठ करून काचेला नाक लावून उभे. त्या काचेचे ऋण मी विसरत नाही. पण आता 2017पासून मुंबईतच ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही उत्साही मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर नेतात, वाकून बघायला शिकवतात, फोटो काढतात आणि प्राणी तिथेच ठेवून परत येतात. एवढ्या गजबजलेल्या शहराच्या काठाला समुद्रफुले, प्रवाळ, अष्टपाद आहेत, हे बऱ्याच मुंबईकरांना त्यांच्यामुळे कळले. गॉस यांना हे पाहायला मिळायला हवे होते.

निवृत्तीच्या वर्षी मी मुलांचे निळे ठसे एकत्र बांधून शाळेला दिले. बांधताना एक ठसा हाती आला. सहावीतल्या एका मुलीचा. तिने किनाऱ्यावरून एक गुंता जसाच्या तसा उचलून कागदावर ठेवला होता. सरगॅससची फांदी, तिचे फुगे आणि तिच्यात गुरफटलेला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा तुकडा. ऊन भेद करत नाही, दोन्ही पांढरीच उमटली होती. इतकी सारखी की फांदी कुठे संपते आणि दोरा कुठे सुरू होतो, ते मला भिंग लावून बघावे लागले. ॲना बाईंच्या 1843च्या पानांवर असले काही असणे शक्यच नव्हते. नायलॉनचा जन्म व्हायला अजून नव्वदहून अधिक वर्षे होती. मी सर्वांना सांगितले होते की प्रत्येक गोष्टीखाली तिचे नाव लिहायचे, बाईंनी लिहिले तसे. पोरीने फांदीखाली ‘सरगॅसस’ असे नीट लिहिले होते. मी फळ्यावर ‘सरगॅसम’ लिहिले होते. पण वर्गात ‘सरगॅसस’ हेच रुळले आणि, आता लक्षात येते, माझ्याही तोंडात तेच बसले आहे. दोऱ्याखाली तिने लिहिले होते, ‘जाळं. आमचंच असेल.’